लहान बाळांसाठीच्या शीघ्र हस्तक्षेपाचे पदव्युत्तर शिक्षण: फिजिओथेरपिस्टने कोणता मार्ग घ्यावा?

प्रश्न: मराठवाड्यातील फिजिओथेरपिस्ट

नमस्कार. मी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची फिजिओथेरपी पदवीधर असून गेली अडीच वर्षे मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी लहान मुलांसोबत काम करत आहे. माझ्याकडे येणारी बहुतेक बाळे जन्मानंतर काही दिवस नवजात काळजी कक्षात राहून गेलेली असतात: दिवस भरण्याआधी जन्मलेली, जन्मल्याबरोबर न रडलेली, कावीळ फार वाढलेली, झटके आलेली. मात्र ती माझ्यापर्यंत पोहोचतात तेव्हा दीड-दोन वर्षांची झालेली असतात, कारण तोवर घरात ‘त्याचे वडीलही उशिराच चालले होते’ या एका वाक्यावर सगळे थांबलेले असते.

पदवीच्या अभ्यासक्रमात स्नायूंचा ताण, सांध्यांची हालचाल, प्रतिक्षिप्त क्रिया हे सारे मला नीट शिकवले गेले आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण समोरचे बाळ आईच्या चेहऱ्याकडे पाहत नसेल, त्याला घास गिळता येत नसेल, त्याला ऐकू येते की नाही याची कुणी तपासणीच केलेली नसेल आणि त्याची आई माझ्यासमोर बसून रडत असेल, तर मी नेमके काय करावे हे मला कुणी शिकवलेले नाही.

आणखी एक अडचण आमच्या भागाची आहे. इथली बरीच कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. मागच्या वर्षी चौदा महिन्यांची एक मुलगी सप्टेंबरअखेर आधाराने बसू लागली होती. एप्रिलमध्ये ती परत आली तेव्हा तिचे वजन घटले होते, टाचा वर ओढल्या गेल्या होत्या आणि बसणे पूर्ण थांबले होते. आईला मी व्यायाम शिकवले होते, पण उसाच्या फडात ते करायचे कसे आणि केव्हा, याचा विचार मी केला नव्हता.

आता मला पुढे शिकायचे आहे. बालफिजिओथेरपीत पदव्युत्तर पदवी घ्यावी, शीघ्र हस्तक्षेपाची, म्हणजे विकासात मागे पडू शकणाऱ्या बाळांना लवकरात लवकर मदत देण्याच्या विषयाची, पदव्युत्तर पदविका करावी, त्याच विषयातील एम.एस्सी. करावी, की अमेरिकेचा विचार करावा? नोकरी आणि नोंदणी या दृष्टीनेही कृपया सांगावे.

उत्तर: शीघ्र हस्तक्षेपक, सिकंदराबादची माजी विद्यार्थिनी

ताई, मी मूळची मानसशास्त्राची. सिकंदराबादच्या राष्ट्रीय बौद्धिक दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेतून शिकले आणि आज एका जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात काम करते. आधी मार्गांबद्दल थोडक्यात सांगते.

सिकंदराबादला उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न, शीघ्र हस्तक्षेप हा विशेष विषय असलेली दोन वर्षांची एम.एस्सी. आहे आणि एका वर्षाची पदव्युत्तर पदविकाही आहे. चेन्नईजवळ मुट्टुकाडू येथील बहुदिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेतही पदविका होते. प्रवेशाच्या अटी आणि भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता ज्या वर्षी प्रवेश घ्याल त्याच वर्षाची तपासा, जुन्या माहितीपत्रकावर विसंबू नका. फिजिओथेरपिस्ट म्हणून तुमची नोंदणी पुनर्वास परिषदेकडे होत नाही, ती राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे होते आणि २०२१ च्या कायद्यानंतर हा व्यवसाय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसायांच्या राष्ट्रीय आयोगाच्या कक्षेत आला आहे. पुनर्वास परिषदेने मान्य केलेला अभ्यासक्रम पूर्ण केल्यास तिच्या केंद्रीय नोंदवहीत नाव घालण्याचा वेगळा मार्ग खुला होतो. जिल्हा केंद्रांतील ‘शीघ्र हस्तक्षेपक तथा विशेष शिक्षक’ या पदाच्या जाहिरातीत नेमकी हीच नोंदणी मागितलेली दिसते. ही पदे बहुतेक कंत्राटी असतात, हेही जाणून निर्णय घ्या.

ही केंद्रे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून उभी राहिली. फेब्रुवारी २०१३ मध्ये या कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरमध्ये झाली. फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत जाऊन मुले तपासतात आणि शंका असलेल्या बालकाला जिल्हा केंद्राकडे पाठवतात. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा व श्रवणतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, नेत्रतपासनीस, समाजसेवक आणि विशेष शिक्षक हे सगळे एका छताखाली असावेत, अशी त्याची रचना आहे. कागदावर हे उत्तम आहे, पण दीड वर्षाच्या बाळाला घेऊन आई एका दिवसात सहा दारे ठोठावते आणि सहा जणांकडून सहा वेगवेगळे गृहपाठ घेऊन घरी जाते, हे मी स्वतः पाहिले आहे. पाचव्या दिवशी ती त्यातले एकही करत नसते आणि त्यात तिचा दोष नसतो.

माझ्या शिक्षणाने मला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे या सहा जणांचे ज्ञान एका माणसाच्या हातून, एका घरात, एका आईपर्यंत कसे न्यायचे, याची सवय. बाकीचे पाच जण मागे उभे राहतात, शिकवतात, चूक दाखवतात, परंतु बाळाला हात एकाचाच लागतो. वाचायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात मानसशास्त्राकडून आलेल्या मला बाळाला उचलायचे कसे आणि मानेला आधार कुठे द्यायचा हे शिकायला सहा महिने लागले, तर माझ्या वर्गातील फिजिओथेरपिस्ट मैत्रिणीला आईचे बोलणे मध्ये न तोडता ऐकायला तितकाच काळ लागला.

एक उदाहरण देते. आपल्याकडे आजी पाय लांब करून बसते आणि बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालते. रोजची ती वीस मिनिटे आहेत आणि तेवढा काळ घरातील एक व्यक्ती पूर्णपणे त्या बाळाची असते. ताठर पायांच्या बाळाला त्या वेळी पालथे घालून मान उचलायला लावता येते, तेल लावताना दोन्ही हात छातीशी एकत्र आणता येतात, गरम पाण्याने ताण सैल झालेला असताना मांड्या हळूहळू फाकवता येतात, पाणी ओतण्याआधी क्षणभर थांबून बाळ डोळ्यांनी ‘अजून’ मागते का याची वाट पाहता येते. त्यासाठी वेगळा व्यायाम नको, वेगळी वेळ नको. शिक्षिकेने मला पहिल्या गृहभेटीला पाठवले तेव्हा काही शिकवायचे नाही, नुसते न्हाऊ घालणे बघून यायचे आणि पाहिलेले लिहून आणायचे, असे बजावले होते. मी चार ओळी लिहून आणल्या. त्यांनी परत पाठवले. तिसऱ्या वेळी अडीच पाने झाली.

म्हणून अभ्यासक्रम निवडताना पदवीच्या नावापेक्षा तीन गोष्टी विचारा: एक वर्षाखालील किती बाळांबरोबर विद्यार्थ्याला काम मिळते, किती गृहभेटी होतात आणि त्या भेटीत मार्गदर्शक स्वतः सोबत येतात का. संस्थेत पाच ते दहा वर्षांचीच मुले येत असतील, तर प्रमाणपत्रावर काहीही छापलेले असो, तुम्हाला हवे ते तिथे मिळणार नाही.

मोजमापाबद्दलही सांगते. भारतीय बालकांसाठीच्या विकास मापनश्रेणीचा, म्हणजे ‘डासी’चा, पाया बडोद्यात प्रमिला फाटक यांच्या कामाने घातला गेला. तिची सुधारित आवृत्ती १९९७ ची आहे आणि तीत हालचालींचे ६७ व बौद्धिक-सामाजिक विकासाचे १६३ घटक आहेत. ती चालवायला नीट शिकणे आवश्यक आहे, पण तिच्यातून निघालेला आकडा म्हणजे हस्तक्षेपाची योजना नव्हे. मला प्रशिक्षणार्थींत दिसणारी सर्वांत मोठी चूक हीच आहे की चाचणीत न जमलेला घटकच ते घरी शिकवायला सांगतात. चाचणीतले ठोकळे घरात नसतात आणि घरातली वाटी-चमचा चाचणीत नसतो.

उत्तर: बालव्यवसायोपचारतज्ज्ञ, पुणे

वरील उत्तराशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु बालफिजिओथेरपीतील पदव्युत्तर पदवी इतक्या सहज बाजूला ठेवू नये, असे मला वाटते. तुमच्याकडे येणारी बाळे प्रामुख्याने सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला लवकर झालेल्या इजेमुळे हालचालींवर परिणाम होण्याच्या, जोखमीची आहेत आणि त्यांच्या बाबतीत हातातले कौशल्य खोल असावे लागते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी हे स्पष्ट केले की बाळाच्या उत्स्फूर्त हालचालींचे निरीक्षण, हॅमरस्मिथ चेताशास्त्रीय तपासणी आणि मेंदूचे एमआरआय यांच्या आधारे सहा महिन्यांच्या आतही सेरेब्रल पाल्सीचे किंवा तिच्या मोठ्या जोखमीचे निदान करता येते. यातील पहिल्या दोन गोष्टींना महागडे यंत्र लागत नाही. साधारण तीन महिन्यांच्या बाळाला उताणे ठेवून, ते जागे आणि शांत असताना, काही मिनिटांचे चित्रीकरण करावे लागते आणि ते पाहणारा डोळा तयार झालेला असावा लागतो. तो डोळा पुस्तकाने तयार होत नाही, शेकडो चित्रफिती अनुभवी माणसाशेजारी बसून पाहाव्या लागतात.

वय मोजताना बाळ जितके आठवडे आधी जन्मले तितके वजा करून दुरुस्त वय धरायचे, ही प्राथमिक गोष्टसुद्धा अनेक ठिकाणी पाळली जात नाही. मग एखाद्या बाळाला उगाच मागे ठरवले जाते आणि दुसऱ्या टोकाला ‘आधी जन्मले आहे, होईल हळूहळू’ असे म्हणत तीन वर्षे निघून जातात. आपल्या पुण्यातील केईएम रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमी वजनाच्या बाळांचा जन्मापासून अठराव्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला. नवजात कक्षातून सुटी झालेल्या बाळाची जबाबदारी सुटीच्या कागदाने संपत नाही, हे मी त्या कामातून शिकले. तुम्ही कुठेही शिका, नवजात कक्षाच्या पाठपुराव्याच्या बाह्यरुग्ण विभागात किमान सहा महिने बसायला मिळेल असे पाहा.

श्रवणाबद्दल तुम्ही लिहिलेच आहे. पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत हस्तक्षेप, हा क्रम फिजिओथेरपिस्टलाही पाठ असायला हवा, कारण बाळ सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळा तिच्याच हाती येते. दिवस भरण्याच्या फार आधी जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झाली आहे का, हेही पहिल्याच भेटीत विचारावे.

उत्तर: इलिनॉयमधून, मूळ गाव सांगली

मी इथे याच विषयात मास्टर्स केले असून तीन वर्षांखालील मुलांच्या घरी जाऊन काम करते. अमेरिकेबद्दल विचारले आहे म्हणून सविस्तर लिहिते.

इथली सारी रचना कायद्यावर उभी आहे. १९७५ च्या कायद्याने शालेय वयाच्या दिव्यांग मुलांना शिक्षणाचा हक्क दिला आणि १९८६ च्या दुरुस्तीने जन्मापासून तिसऱ्या वाढदिवसापर्यंतच्या मुलांसाठी राज्यांना शीघ्र हस्तक्षेपाची व्यवस्था उभारण्याचा मार्ग घालून दिला. मुलाची नोंद झाल्यापासून ४५ दिवसांत मूल्यमापन होऊन कुटुंबाबरोबर पहिली बैठक व्हावी लागते. त्या बैठकीत लिहिली जाते ती कुटुंबाची सेवायोजना असते, केवळ मुलाची नव्हे, आणि सेवा शक्यतो घरात किंवा मूल जिथे एरवी असते तिथेच द्यावी लागते. या एका अटीमुळे इथले पदव्युत्तर प्रशिक्षण बदलले. आम्हाला पहिल्याच सत्रात सांगण्यात आले की खेळण्यांची पिशवी घेऊन घरी जाऊ नका. पिशवी नेली की तास संपल्यावर ती परत येते आणि तिच्याबरोबर मुलाचा सरावही दारातून बाहेर पडतो. घरातली भांडी, उशी, कपड्यांची टोपली यांवरच काम करायचे. माझ्या प्रात्यक्षिकांचे चित्रीकरण होत असे आणि प्राध्यापिका घड्याळ लावून मोजत, की तासाभरात मुलाला माझा हात किती वेळ लागला आणि आईचा किती वेळ. पहिल्या चित्रफितीत आई जवळजवळ पूर्ण तास बाजूला बसून होती. ते पाहून मला फार वाईट वाटले, पण माझे खरे शिक्षण तिथून सुरू झाले.

आता व्यवहाराचे. या विषयातील विद्यार्थ्यांसाठी इथल्या केंद्र सरकारच्या ज्या मोठ्या शिष्यवृत्त्या आहेत, त्या नागरिक किंवा कायम रहिवासी असलेल्यांनाच मिळतात आणि त्यांच्या बदल्यात प्रत्येक वर्षाच्या मदतीमागे दोन वर्षे या क्षेत्रात सेवा करावी लागते. भारतातून विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्याला ती वाट जवळपास बंद आहे. तुमची भारतातील फिजिओथेरपीची पदवी इथे व्यवसायासाठी आपोआप चालत नाही आणि शीघ्र हस्तक्षेपकाची पात्रता राज्याराज्यांत वेगळी आहे. भारतात परतून काम करायचे असेल, तर केवळ या पदवीसाठी एवढे कर्ज काढू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

शिवाय आपल्याकडेही शिकण्यासारखे घडले आहे. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने रावळपिंडीतील सहकाऱ्यांबरोबर स्वमग्न मुलांच्या पालकांसाठीची एक पद्धत तज्ज्ञ नसलेल्या, परंतु नीट प्रशिक्षित कार्यकर्त्यांकरवी राबवली. ६५ मुलांचा तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यात पालकांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद व मुलाने स्वतःहून साधलेला संवाद हे दोन्ही वाढल्याचे दिसले. मुंबईत २००१ मध्ये डॉ. विभा कृष्णमूर्ती यांनी सुरू केलेले ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्रही वस्तीपातळीवरील कार्यकर्त्यांना गेली अनेक वर्षे प्रशिक्षण देत आहे. तुमच्या जिल्ह्यात उद्या तुम्हाला आशा आणि अंगणवाडी सेविका यांनाच शिकवावे लागणार आहे, तेव्हा इतरांना शिकवण्याचे शिक्षण कुठे मिळते, हेही निवडीत धरा.

उत्तर: एका मुलाची आई, सातारा जिल्हा

मी तज्ज्ञ नाही. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे आणि त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. वरची सगळी उत्तरे वाचून राहवले नाही म्हणून लिहीत आहे.

तो अकरा महिन्यांचा असताना एका मोठ्या रुग्णालयात आम्हाला निदान सांगितले गेले, तेही बाहेरच्या बाकावर, इतर रुग्णांसमोर, फाइल हातात देता देता. पुढचे वर्षभर मी आठवड्यातून तीनदा एसटीने ७० किलोमीटर जात होते. तिथे मुलगा रडायचा, मी पडद्याबाहेर उभी राहायचे आणि अर्ध्या तासाने त्याला घेऊन परत निघायचे. आत काय करतात ते मला कुणी दाखवले नाही.

त्यानंतर एक तरुण फिजिओथेरपिस्ट गावात आल्या. त्यांनी आल्या आल्या मुलाला हात लावला नाही. त्यांनी मला विचारले, ‘दिवसभरात बाळ कुठे कुठे असते?’ मी सांगितले की सकाळी ओट्याजवळ गोधडीवर, दुपारी सासूबाईंच्या मांडीवर, संध्याकाळी जावेच्या मुलांबरोबर अंगणात. त्यांनी दोन भिंतींच्या कोपऱ्यात त्याला बसवून पुढे पाट ठेवला आणि मला भाकरी थापायला सांगितले. पिठाचा गोळा त्याच्या हातात दिला. तो त्या दिवशी पहिल्यांदा तितका वेळ पडला नाही. जावेने चालण्यासाठी आणलेला पांगुळगाडा मात्र त्यांनी इतक्या प्रेमाने बाजूला ठेवायला लावला की जावेला राग आला नाही, आणि हे मला त्यांच्या पदवीपेक्षा मोठे वाटले.

ताई, तुम्ही जिथे शिकायला जाल तिथे एक विचारा: आईवडिलांना वाईट बातमी कशी सांगायची, हे शिकवतात का? आणि पालकांना शिकवायला बोलावतात का? मला कुणी बोलावले तर मी भाड्याचे पैसे न घेता येईन.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. सातारच्या ताईंचे उत्तर मी घरी मोठ्याने वाचून दाखवले. पडद्याबाहेर उभ्या केलेल्या आया माझ्याही खोलीबाहेर आहेत, हे मान्य करावे लागेल. उद्यापासून पडदा काढते आहे.

माझा कल आता सिकंदराबादच्या एम.एस्सी.कडे आहे. प्रवेशाआधी तिथे चार दिवस जाऊन एक वर्षाखालील बाळांचे काम पाहण्याची परवानगी मागणार आहे. उत्स्फूर्त हालचालींचे प्रशिक्षण त्यानंतर स्वतंत्रपणे घेईन. पण दसरा जवळ आला आहे आणि माझ्याकडील चार कुटुंबे फडावर जाणार आहेत. पदवी मिळेपर्यंत त्यांना थांबता येणार नाही. त्यांच्यासाठी आत्ता काय करू?

उत्तर: शीघ्र हस्तक्षेपक, सिकंदराबादची माजी विद्यार्थिनी

निघण्याआधी प्रत्येक आईबरोबर एक तास बसा आणि फडावरचा तिचा दिवस पहाटेपासून तिच्याच तोंडून ऐका. पहाटे ती किती वाजता निघते, बाळ कुणाजवळ असते, कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, मोकळी जागा किती, पाणी कुठून येते, थोरली बहीण किती वर्षांची आहे. बहुधा बाळ दिवसभर झाडाला बांधलेल्या साडीच्या झोळीत असते. झोळीत पाठ वाकलेली आणि पाय गुंडाळलेले राहतात. म्हणून ‘व्यायाम करा’ याऐवजी इतकेच ठरवा की आई मोळी बांधायला बसेल तेव्हा बाळ झोळीतून खाली येईल आणि कुशीवर, पाठीमागे गुंडाळलेली गोधडी लावून, दोन्ही हात समोर येतील असे ठेवले जाईल. जेवताना ते आईच्या मांडीवर तिच्याकडे तोंड करून, मान किंचित पुढे झुकलेली आणि तळपाय टेकलेले असे बसेल. प्रत्येक घराला दोनच गोष्टी द्या, तिसरी नको. त्या आईने तुमच्यासमोर स्वतःच्या हाताने करून दाखवल्या की तिच्याच मोबाइलवर चित्रीकरण करा, म्हणजे तिकडे थोरल्या बहिणीलाही पाहता येईल.

मुकादमाचा आणि कारखान्याच्या गावाचा पत्ता आजच लिहून घ्या आणि त्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राच्या नावे बाळाची माहिती असलेले पत्र आईकडे द्या. चार कुटुंबांना महिन्यातून दोनदा, रात्री आठनंतर फोन करा. त्याआधी आया कोपीवर परतलेल्या नसतात. एप्रिलमध्ये त्या आल्या की काय टिकले आणि काय नाही ते लिहून ठेवा. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय मागतील तेव्हा ती वही घेऊन जा.